उठबस

माणूस म्हातारा झाला, हे नक्की ठरवतं कोण? सरकारचं म्हणाल तर २००७ सालच्या कायद्याने साठ पुरी झाली की आपण ज्येष्ठ नागरिक. एस.टी.चं म्हणाल तर पासष्टीला अर्धं तिकीट आणि २०२२ सालापासून पंचाहत्तरीला तिकिटालाच सुट्टी. पण हे झाले कागदोपत्री पुरावे. खरी नोटीस घरातून येते. एके दिवशी मुलगा, सून, व्याही आणि कोपऱ्यावरचा औषधांचा दुकानदार ही चार दिशांची मंडळी एका सुरात म्हणू लागतात, "आता तुम्ही योगा सुरू करा." ही नोटीस हातात पडली की ओळखावं, आपला निकाल लागला. त्यावर अपील नाही.

तसा 'योग' हा शब्द आमच्या पिढीला नवा नाही. फक्त तो आमच्या वेळी पत्रिकेत असायचा. माझ्या पत्रिकेत वाहनयोग होता. तो एका सेकंडहँड सायकलीच्या रूपाने फळला. परदेशगमनाचा योग होता. बदलीवर तीन वर्षं निपाणीला काढली, कर्नाटकात. गजकेसरी योगही होता म्हणतात, पण कोल्हापुरात 'केसरी' हा शब्द पैलवानांनी आधीच अडवून ठेवलेला असल्यामुळे आमच्या वाट्याला नुसता गज आला आणि तो पोटाच्या बाजूने आला. राहता राहिला तो हा शेवटी काना लावलेला 'योगा'. तो मात्र पत्रिकेत नसताना आला.

गैरसमज नको. मी योगाच्या विरुद्ध नाही. गेली सहा वर्षं रोज पहाटे साडेपाचला, बगलेत सतरंजीची वळकटी मारून, मी आमच्या वर्गाला जातो. माझं भांडण आहे ते, म्हाताऱ्यांनी योग कशासाठी करायचा हे म्हाताऱ्यांना न विचारता ठरवणाऱ्या मंडळींशी. ही मंडळी बरीच आहेत, तेव्हा एकेकाला घेतो.

आधी आमच्या गावाचं थोडं सांगायला हवं. हे गाव व्यायामाला नवखं नाही. शाहू महाराजांनी इथे १९१२ साली खासबागेचं कुस्तीमैदान बांधलं. इथे पेठेगणिक तालीम. व्यायाम म्हणजे तांबडी माती, लंगोट, जोर, बैठका आणि वर थंडाई. अशा गावात डोळे मिटून, मांडी घालून, एका नाकपुडीने श्वास घेत बसलेला माणूस दिसला की पूर्वी लोक हळूच विचारत, "ह्यास्नी बरं न्हाई काय?" योग हा आजाऱ्यांचा आणि भाताबरोबर तूप खाणाऱ्यांचा उद्योग, असा साधारण समज.

आमच्या वर्गात एक माजी पैलवान आहेत. वय पंचाहत्तर, कान मोडलेले, मान अजून खांबासारखी. पहिल्या दिवशी सगळा तास पाहून ते म्हणाले, "घाम न्हाई, दम न्हाई, आनि म्हनं व्यायाम! ह्याला आमी झोप म्हंतो." तरीपण ते येतात. कारण गुडघे. ऐन उमेदीत रोज हजार बैठका मारलेला हा गडी आज जमिनीवर बसला की दोघांनी काखेत हात घालून उठवावा लागतो. एकदा ते मला म्हणाले, "मास्तर, जलमभर दुसऱ्याला पाडायचं शिकलो. आपन पडल्यावर उठायचं कसं, हे कुनी शिकवलंच न्हाई बगा." मी मास्तर नाही, पाटबंधारे खात्यातला कारकून होतो. पण कोल्हापुरात चष्मा असलेला माणूस मास्तरच असतो. ते असो. त्यांनी सांगितलं ते मला सगळ्या योगग्रंथांच्या प्रस्तावनांपेक्षा मोलाचं वाटतं. म्हातारपणाचा प्रश्न मोक्षाचा नाही, उठण्याचा आहे.

ह्या उठण्याची वाट कशी लागली ते पाहा. आमच्या आईच्या घरात सगळी कामं जमिनीवर. भाकरी चुलीपुढे बसून थापायची, भाजी विळीवर बसून चिरायची, जेवायचं पाटावर, कपडे धुवायचे ते पंचगंगेच्या घाटावर चवड्यांवर बसून. दिवसातून पन्नास वेळा बसायचं आणि पन्नास वेळा उठायचं. त्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही. मग आमच्या डोळ्यांदेखत स्वयंपाक ओट्यावर चढला, जेवण टेबलावर चढलं, झोप पलंगावर चढली आणि राहिलेला शेवटचा प्रसंगही खुर्चीसारख्या भांड्यावर चढला. वीस वर्षांत मांडी घालण्याचं कारणच घरातून हद्दपार झालं. आणि आता तोच मुलगा महिना पाचशे रुपये भरून बापाला पाठवतो. कशाला? तर मांडी घालायला शिकायला! त्यातही हाडांचे डॉक्टर म्हणतात, मांडी घालू नका. योगशिक्षक म्हणतात, मांडी घाला. मांडी एक आणि मालक दोन. आम्ही आपले अर्धी घालतो.

आता, ही उठण्याची गोष्ट मी उगीच ताणतो आहे असं वाटेल, म्हणून परदेशातला दाखला देतो. घरचं म्हणणं पटायला आपल्याकडे तो लागतोच. २०१२ साली ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी एका अभ्यासाचे निष्कर्ष छापले. ५१ ते ८० वर्षांच्या २००२ माणसांना त्यांनी एकच काम सांगितलं होतं : जमिनीवर बसा आणि उठा. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात टेकला, गुडघा टेकला, की एक गुण वजा. झोल गेला तर अर्धा. मग सरासरी सहा वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांच्यात मरण्याचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाचपट-सहापट निघालं. आता, उठता आलं नाही म्हणून ती माणसं मेली असा ह्याचा अर्थ नव्हे. तब्येत खालावली होती म्हणूनच उठता येत नव्हतं, असंही असेल. पण इशारा समजायला एवढं पुरे. शाळेत गुरुजी आमच्याकडून उठाबशा काढून घेत, ती शिक्षा नसून आयुर्विम्याचा हप्ता होता, हे आम्हाला कोण सांगणार?

दुसरा दाखला पडण्याचा. जगात दरवर्षी पडून मरणाऱ्यांची संख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ६ लाख ८४ हजार आहे, आणि त्यात मोठा भरणा साठीपुढच्यांचा. उलट, २०१९ साली १०८ चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की नियमित व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटतं. विशेषतः तोल सांभाळण्याच्या आणि उठबस करण्याच्या व्यायामाने. ह्यात शंखनाद नाही, चमत्कार नाही. न्हाणीघरात पाय घसरला तर भिंत धरायला अर्धा क्षण जास्त मिळतो, एवढंच. पण त्या अर्ध्या क्षणात खुब्याचं हाड असतं, आणि खुब्याच्या हाडात पुढचं सगळं म्हातारपण.

आता पहिला आरोपी : 'अजून थोडं वाका' म्हणणारा शिक्षक. हा बहुधा बावीस वर्षांचा असतो आणि त्याला हाडं नसतात. तो पुढे वाकतो तेव्हा कपाळ गुडघ्याला लागतं. आम्ही वाकतो तेव्हा खिशातला चष्मा जमिनीला लागतो. तो म्हणतो, "काका, अजून थोडं! मनाची तयारी करा!" अरे बाबा, मनाची तयारी १९६८ सालापासून आहे. मणके ऐकत नाहीत. पतंजलींच्या जवळजवळ दोनशे सूत्रांत आसनावर सरळ बोलणारी सूत्रं अवघी तीन, आणि त्यांतही सांगितलंय काय, तर बसणं स्थिर असावं आणि सुखाचं असावं. 'अजून थोडं' हे त्यात कुठेही नाही. हठयोगाच्या जुन्या ग्रंथाने तर म्हाताऱ्यांना, अतिम्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि दुबळ्यांनाही योगाचा दरवाजा उघडा ठेवलेला आहे. तो दरवाजा उघडून आत गेल्यावर कंबर मोडून घ्यावी, अशी ग्रंथकर्त्याची अपेक्षा नसावी. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी कंबरेतून जोराने पुढे वाकलं तर मणका पिचू शकतो. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे काचबिंदूवाल्याने ते करू नये. हे वर्गाच्या पहिल्या दिवशी विचारायला नको? आमच्याकडे पहिल्या दिवशी विचारलं जातं ते टी-शर्टचं माप.

दुसरा आरोपी आमच्यातलाच आहे : शीर्षासनी ज्येष्ठ. वय अठ्ठ्याहत्तर. हा खाली डोकं वर पाय करतो आणि नातवाला म्हणतो, "काढ फोटो." तो फोटो सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचतो, खाली 'वय हा फक्त आकडा आहे' असा संदेश. आकडा तर खराच, पण वीजबिलावरचाही आकडाच असतो. तो भरावा लागतो. ह्या गृहस्थांना कुणीतरी सांगितलंय, की बी.के.एस. अय्यंगारांनी बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना वयाच्या ऐंशीच्या सुमारास शीर्षासन शिकवलं होतं. ही गोष्ट खरी आहे. पण राणीसाहेबांच्या डोक्याशी अय्यंगार उभे होते. तुमच्या डोक्याशी मोबाइल धरलेला नातू उभा आहे, आणि त्याचं लक्ष उजेडाकडे आहे.

अय्यंगारांचं नाव निघालंच आहे तर पुढचंही सांगू या. १९३७ साली पुण्यात आलेल्या आणि १९७५ साली तिथे संस्था उभी केलेल्या ह्या माणसाने म्हाताऱ्यांवर आणि आजाऱ्यांवर खरे उपकार केले ते शीर्षासन शिकवून नव्हे. खुर्ची, दोर, पट्टा आणि लाकडी ठोकळा ह्या चार वस्तू योगात आणून. जमिनीला हात पोचत नाही? ठोकळा घ्या, जमीन वर आणा. मला हे फार मोठं तत्त्वज्ञान वाटतं. पण आमच्या मर्दानी गावात खुर्ची घ्यायची म्हणजे शान गेली. पैलवानांना एकदा खुर्ची दिली तर ते म्हणाले, "खुर्ची? म्या काय आमदार हाय?" शेवटी खुर्ची भिंतीला टेकवून तिला 'जोडीदार' असं नाव दिलं, तेव्हा ते जोडीला उभे राहिले. आता त्या जोडीदाराच्या पाठीवर हात ठेवून ते एका पायावर वीस आकडे उभे राहतात.

तिसरा आरोपी पत्रकवाला. 'पंधरा दिवसांत मधुमेह हद्दपार! गोळ्यांना रामराम!' असं छापलेलं गुलाबी पत्रक सकाळच्या पेपरातून पडतं. ज्या महाराष्ट्रात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि उड्डियान-नौली करणाऱ्या माणसाचे क्ष-किरण फोटो घेऊन, रक्तदाब मोजून, मग काय ते बोलायचं अशी शिस्त घातली, त्याच महाराष्ट्रात हे पत्रक पडतं. आधी मोजा, मग बोला, हा स्वामींचा बाणा. आधी बोला, मग पैसे मोजा, हा ह्यांचा. योगाने साखरेला, रक्तदाबाला थोडा हातभार लागतो, हे डॉक्टरही मान्य करतात. पण पत्रक वाचून इन्शुलिन बंद करणारा म्हातारा तिरडीवरच्या शवासनाकडे निघालेला असतो, आणि ते आसन पहिल्याच प्रयत्नात जमतं.

चौथा आरोपी वर्षातून एकदाच येतो, २१ जूनला. संयुक्त राष्ट्रांनी २०१४च्या डिसेंबरात ठराव केला आणि २०१५पासून जागतिक योग दिन सुरू झाला, ह्याचा आनंदच आहे. फक्त ठराव करणाऱ्यांपैकी कुणी जूनअखेर कोल्हापुरात राहिलेलं नसावं. त्या दिवशी आभाळ फाटलेलं असतं. तरीही आम्हां ज्येष्ठांना पांढऱ्या कपड्यांत बोलावलं जातं. पुढच्या रांगेत पाहुणे, मधल्या रांगांत शाळेची मुलं आणि मागे, पत्र्याच्या गळक्या कडेखाली, आम्ही. पाऊण तास योग आणि दीड तास भाषणं. भाषणाचा विषय : ज्येष्ठांनी उभं राहावं. आम्ही उभेच असतो, कारण खुर्च्या पाहुण्यांना गेलेल्या असतात.

पाचवा आरोपी सर्वांत वाईट, कारण तो हसतो. म्हातारा योगाला निघाला तर हा त्याला 'काय, हिमालयात काय?' म्हणतो, पण म्हातारी निघाली तर म्हणतो, "ह्या वयात कसले हे चाळे!" ह्या गृहस्थाला मला जरा सविस्तर सांगायचं आहे. आमच्या लहानपणी तालमीची पायरी बाईने चढायची नसे. व्यायाम पुरुषांचा, खुराक पुरुषांचा. बाईला घरकाम हाच व्यायाम आणि उरलंसुरलं तोच खुराक. हिशेब करा : आमच्या वर्गातल्या सत्तरीच्या बायका आयुष्यात पहिल्यांदा, कुणासाठी नव्हे, स्वतःच्या अंगासाठी, दिवसाचा एक तास काढताहेत. पहिल्यांदा! भाकऱ्या राहतात, नातवाचा डबा राहतो, सुनेच्या कपाळावर आठी पडते, तरी काढताहेत. त्यांत एक नऊवारीतल्या आजी आहेत. शिक्षकाने मालासनाचा बराच गाजावाजा केला, अवघड आहे, सावकाश करा वगैरे. आजी म्हणाल्या, "त्यात काय हाय? मी करतो की!" आणि चवड्यांवर अशा बसल्या, की शिक्षक उठला तरी त्या बसलेल्याच. साठ वर्षं शेतात भांगलण केलेली बाई ती. नाव तेवढं नवीन. कासोट्याची अडचण पुरुषांच्या पँटीइतकी होत नाही, हाही शोध आम्हाला तेव्हाच लागला.

आता सगळ्यांत मोठ्या मुद्द्याकडे येतो. आमच्या वर्गात हजेरी घेतात. शंभरपानी वही, नाव, बरोबरची खूण. सुरुवातीला मला वाटायचं, आयुष्यभर मस्टरवर सह्या केल्या, आता इथेही? पण ह्या वहीतच सगळा योग आहे, असं माझं ठाम मत झालेलं आहे. कारण सांगतो. आमच्यातले एक गृहस्थ एकटे राहतात. मुलगा परदेशात, रोज रात्री न चुकता फोन करणारा, गुणी. एका सोमवारी वहीत त्यांच्या नावापुढे खूण पडली नाही. न सांगता ते कधी चुकले नव्हते. तास आटोपला तसे पैलवान उठले, म्हणजे त्यांना उठवलं, आणि आम्ही चौघे त्यांच्या दारावर गेलो. हाक मारली, आतून बारीक 'ओ' आली. पहाटे चारपासून ते न्हाणीघरात पडून होते. दार पैलवानांनी उघडलं. कसं, ते विचारू नका, बिजागऱ्या नवीन घालाव्या लागल्या. गृहस्थ वाचले. रात्रीच्या फोनची वाट पाहिली असती तर आणखी चौदा तास फरशीवर गेले असते.

तालमीला हे पूर्वीपासून कळलेलं होतं. तिथे म्हाताऱ्याला एक जागा असते, हौद्याच्या कडेला, वस्तादाची. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर उतारवयातही मोतीबाग तालमीत पोरं घडवत राहिले. अंगातली कुस्ती गेली तरी वस्तादाला रोज पहाटे उठून जायला ठिकाण असतं, आणि तो आला नाही तर चार पोरं विचारायला येतात. आमच्यासारख्या कारकुनांना, मास्तरांना, शिवणकामवाल्यांना, चुलीपुढे जन्म गेलेल्या बायकांना असा हौदा कुठला? निवृत्त झाल्यावर आम्ही न दिसल्याने अडतं कुणाचं? योगवर्गाने आम्हाला तो हौदा दिला. लोक म्हणतात, म्हातारे आसनं कमी आणि गप्पा जास्त करतात, नंतर मिसळीला जातात, वर जादा कट मागतात. मागतात! मराठीत 'उठबस' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक गुडघ्यांचा, दुसरा माणसांचा. म्हातारपणी आधी पहिली बंद होते आणि तिच्यापाठोपाठ दुसरी. खाली बसता येत नाही म्हणून माणूस लग्नाच्या पंगतीला जात नाही, पायरी चढवत नाही म्हणून देवळात जात नाही, पडेन म्हणून दारापुढेसुद्धा जात नाही. योगाने दोन्ही उठबशी पुन्हा सुरू होत असतील, तर मला त्याच्याकडून आणखी काही नको. कुंडलिनी झोपली असेल तर झोपू दे बिचारी. तिलाही वय झालं असेल.

तेव्हा आमच्या मागण्या लिहून घ्या. मोजक्याच आहेत. शिकवणाऱ्याने आधी आमची दुखणी लिहून घ्यावीत, मग आसनं सांगावीत. भिंतीला टेकवलेली खुर्ची प्रत्येक वर्गात असावी आणि ती घेणाऱ्याला कुणी हसू नये. नगरपित्यांनी पावसाळ्यासाठी एक कोरडी खोली, एक दिवा आणि एक स्वच्छ संडास द्यावा; बागेत योगीपुरुषाचा पुतळा नंतर बसवला तरी चालेल. बायकांसाठी एक वर्ग दुपारी चारला ठेवावा, कारण पहाटे साडेपाच ही वेळ पुरुषांनी ठरवलेली आहे. त्या वेळी डबा कुणी करायचा ह्याचा विचार त्यांनी केलेला नाही. आणि वहीत हजेरी रोज घ्यावी.

राहता राहिली मुलं. बाळांनो, आम्हाला वर्गाच्या दाराशी सोडून गाडी वळवता, त्याबद्दल आभार. पण आज संध्याकाळी एक काम करा. जेवणाच्या टेबलावरून उठा, दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीवर बसा, आणि हात न टेकता, गुडघा न टेकता, 'आई गं' न म्हणता उठून दाखवा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर वर्ग पहाटे साडेपाचला असतो. सतरंजी आपली आपण आणायची. हजेरी आम्ही घेतो.